दूरध्वनी मुका होतो तेव्हा



आपल्या भाषेत एक मोठा सोयीचा शब्दप्रयोग आहे. वीज बंद पडली की आपण म्हणतो, लाईट गेली. नळ कोरडा पडला की म्हणतो, पाणी गेले. आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या मालिकेत तिसरी भर पडली आहे, ती अशी, की रेंज गेली. आमच्या खानदेशात अहिराणी बोलणारा शेतकरी ‘रेंज चालनी गयी’ एवढे म्हणतो, फोन खिशात घालतो व आपल्या कामास लागतो. मुलांना व्याकरण शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याचे लक्ष या वाक्याच्या रचनेकडे गेल्यावाचून राहत नाही. येथे कर्ता आहे रेंज, आणि क्रियापद आहे जाणे, तेही अकर्मक. जणू काय ती पाहुणी म्हणून आली होती व मनास आले तेव्हा निघून गेली! तिला आणून पोहोचविण्याचे पैसे कोणी आगाऊ घेतले होते, आणि ती गेली ती कोणाच्या हातून, याचा त्या वाक्यात कोठेच पत्ता नाही. आज मला जे सांगावयाचे आहे ते या हरवलेल्या कर्त्याविषयी होय.

कोणी म्हणेल, चार-सहा तास फोन बंद राहिला तर एवढे बिघडले काय? आमच्या लहानपणी जळगावात काय, धुळ्यात काय, दूरध्वनी असे तो डॉक्टरांकडे, वकिलांकडे आणि पेढीवाल्यांकडे. इतरेजनांनी टपाल कचेरीत जाऊन ट्रंक कॉल नोंदवावा आणि बाकावर बसून वाट पाहावी. पंधरवडाभर तार तुटून पडली तरी कोणाची चूल थांबत नसे, कारण चुलीचा आणि तारेचा संबंधच नव्हता. ही गोष्ट खरी. परंतु तो काळ मागे पडला. तारसेवा १४ जुलै २०१३ या दिवशी कायमची बंद झाली, आणि तिच्याबरोबर निकडीचा निरोप पाठविण्याचा दुसरा मार्गही गेला. आज बँकेतून स्वतःचेच पैसे हलवावयाचे तर ओटीपी यावा लागतो. स्वस्त धान्याच्या दुकानात ई-पॉस यंत्राने अंगठा ओळखल्याखेरीज धान्य मिळत नाही, आणि त्या यंत्रालाही रेंज लागते. भाजीवालीच्या पाटीवरसुद्धा चौकोनी नक्षीचा कागद चिकटविलेला असतो.

शहरातील श्रोत्यांच्या कदाचित ध्यानात येणार नाही असे एक उदाहरण देतो. रावेर, यावल, चोपडा हा आमचा केळीचा पट्टा. मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी तेथे वादळी वारे सुटतात, आणि घडांनी वाकलेल्या बागा एका संध्याकाळी आडव्या होतात. फळपीक विम्याच्या नियमांत अशा हानीची सूचना बहात्तर तासांच्या आत देण्याची अट राहिलेली आहे. आता पाहा, ज्या वाऱ्याने केळ पडली त्याच वाऱ्याने विजेचे खांबही पडलेले असतात. खांब पडल्यामुळे मनोऱ्याची वीज गेलेली असते. मनोऱ्याच्या बॅटऱ्या काही तासांत संपलेल्या असतात. बहात्तर तासांचे घड्याळ मात्र चालूच राहते. या शेतकऱ्याला ‘चार तासांनी काय बिघडते’ असे विचारण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

आता सेवा बंद पडते म्हणजे नेमके काय होते ते थोडे पाहू. कारण कोठे तुटले हे ज्यास कळत नाही त्यास तक्रारही धडपणे मांडता येत नाही.

आपल्या हातातील मोबाईल फोन बिनतारी आहे ही समजूत अर्धीच खरी आहे. तो बिनतारी आहे तो फक्त जवळच्या मनोऱ्यापर्यंत. आपला आवाज किंवा आपला मजकूर लहरींवर बसून त्या मनोऱ्यापर्यंत जातो, आणि तेथून पुढचा प्रवास बहुधा जमिनीखालून, केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंमधून, प्रकाशाच्या रूपाने होतो. या तंतूंच्या केबलीस बोलीभाषेत फायबर म्हणतात. डोंगराळ जागी फायबर नेणे अवघड असते, तेथे एका मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्याकडे थाळीच्या आकाराच्या यंत्राने लहरी फेकून काम भागवितात. पुढे मोठ्या शहरांतील यंत्रशाळा असतात. हा क्रमांक कोणाचा, याचे पैसे भरलेले आहेत काय, याला कोणाशी जोडून द्यावयाचे, हे सारे तेथे ठरते. म्हणजे साखळीचे दुवे स्पष्टच आहेत: आपला फोन, मनोरा, मनोऱ्याची वीज, फायबर आणि यंत्रशाळा. यांतील एक दुवा निखळला तरी आपल्याला दिसते ते एकच, की पडद्यावरच्या काड्या नाहीशा झाल्या.

यांत सर्वांत अधिक वेळा तुटते ते फायबर, आणि ते तोडणारा हात बहुधा जेसीबीचा असतो. धुळे-जळगाव-भुसावळ हा महामार्ग चौपदरी करण्याचे काम कित्येक वर्षे चालले होते, हे या वाटेने धूळ खात प्रवास केलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. रस्त्याच्या कडेने केबली पुरलेल्या, आणि त्याच कडा खणावयाच्या. मग दुसरे काय होणार? जलवाहिनीवाला खणतो, गटारवाला खणतो, वीजवाला खणतो, आणि जमिनीखाली काय आहे याची एकाला दुसऱ्याची खबर नसते. केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाची एक सोय सुरू केली. खणणाऱ्याने आधी त्यावर जागा कळवावी आणि ज्यांच्या केबली तेथे असतील त्यांना सूचना जावी, अशी ती योजना आहे. योजना चांगली आहे. परंतु कंत्राटदाराचा जेसीबी तासाच्या भाड्यावर चालतो आणि सूचनेचे उत्तर येईपर्यंत तो उभा ठेवणे कंत्राटदारास परवडत नाही, हेही तितकेच खरे आहे.

येथे एक शंका येते. केबल तर रोज कोठे ना कोठे तुटतच असणार. मग प्रत्येक वेळी सारा जिल्हा का बंद पडत नाही? याचे उत्तर आमच्या रेल्वेच्या नकाशावरून चांगले समजते. दूरध्वनीच्या केबली रेल्वेच्याच वाटेने जातात असे मी म्हणत नाही. हा केवळ दृष्टान्त आहे. जळगावला येण्यास तीन बाजूंनी रूळ आहेत. मुंबईकडची गाडी चाळीसगाव-पाचोऱ्यावरून येते, सुरतेकडची नंदुरबार-अमळनेरवरून येते, आणि नागपूरकडची भुसावळवरून. एखाद्या बाजूस रूळ उखडले तरी जळगाव जगापासून तुटत नाही. धुळ्याचे तसे नाही. १९०० साली चाळीसगावाहून जो फाटा धुळ्यापर्यंत आला, त्या एका फाट्यावरच धुळेकरांनी एवढी वर्षे काढली. तो फाटा अडला की आगगाडीने धुळ्याला जाण्याचा मार्गच उरत नाही. दूरसंचाराच्या जाळ्यातही असेच दोन प्रकार असतात. फायबर वर्तुळाकार टाकलेले असले म्हणजे एका जागी तुटल्यास संदेश उलट बाजूने फिरून पोहोचतो, व ग्राहकाला काही कळतही नाही. पण फाट्यासारखे एकेरी टाकलेले असले, किंवा वर्तुळ एका जागी तुटलेले असता ते वेळीच सांधले नाही आणि तेवढ्यात दुसऱ्या जागी तुटले, तर मधली सारी गावे अंधारात जातात. दुसरी वाट टाकण्यास खर्च येतो. तो कोठे करावयाचा आणि कोठे टाळावयाचा हे कंपनी ठरविते. म्हणून मी म्हणतो, की तुटणे हा अपघात असेल, पण तुटल्यावर तीन दिवस बंद राहणे हा पुष्कळदा हिशेबाचा परिणाम असतो.

आणि कधी कधी तर केबलही शाबूत असते, मनोराही उभा असतो, आणि दोष असतो तो यंत्रशाळेत. जपानमध्ये २ जुलै २०२२ रोजी केडीडीआय या मोठ्या कंपनीने रात्री नेहमीच्या दुरुस्तीचे काम काढले. त्यात एक वाट चुकीची जुळली आणि पाव तासभर बोलणी बंद पडली. चूक सुधारली, तोच बंद पडलेले लक्षावधी फोन एकदम पुन्हा नाव नोंदवू लागले. चार गाड्या रद्द झाल्यानंतर पाचवी गाडी फलाटास लागावी आणि सर्वांनी एकाच दारातून शिरावे, तसे झाले. त्या झुंबडीतून सुटता सुटता साठ तासांहून अधिक काळ लोटला. शेवटी कंपनीने सुमारे साडेतीन कोटी ग्राहकांस प्रत्येकी २०० येन भरपाई दिली. आपल्या पैशात ती शंभर-सव्वाशे रुपयांच्या आसपास होते. रक्कम हास्यास्पद वाटेल. परंतु कोणी अर्ज केला, कोणी केला नाही, असा भेद न करता सर्वांना ती मिळाली, ही गोष्ट मला रकमेहून मोठी वाटते. त्याच महिन्यात, ८ जुलैला, कॅनडात रॉजर्स कंपनीचे जाळे कोसळले, तेव्हा तर दुकानांतून बँकेच्या कार्डाने पैसे देणेही थांबले होते.

आता आपल्याकडे वळू. मुंबईत ५ फेब्रुवारी २०२२ रोजी जिओची सेवा काही तास बंद पडली होती. कंपनीने त्या भागातील ग्राहकांना दोन दिवसांची मुदत वाढवून दिली. चांगले केले. पण ती कंपनीची मर्जी होती. मर्जी आणि हक्क यांत जो फरक आहे, तो पुढे नियमाने थोडासा भरून काढला. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, ज्यास सर्वजण ट्राय म्हणतात, त्याने २ ऑगस्ट २०२४ रोजी सेवेच्या दर्जाविषयी नवे विनियम काढले. त्यांतील आपल्या कामाचा भाग असा: जिल्ह्यात सेवा चार तासांहून अधिक काळ बंद पडली, तर कंपनीने ते चोवीस तासांच्या आत प्राधिकरणास कळवावे, आणि बंद चोवीस तासांपलीकडे गेला, तर त्या जिल्ह्यात नोंदलेल्या पोस्टपेड ग्राहकाच्या भाड्यात तेवढ्या दिवसांची सूट द्यावी व प्रीपेड ग्राहकाची मुदत तेवढे दिवस वाढवून द्यावी. एका दिवसात बारा तासांहून अधिक बंद म्हणजे पूर्ण दिवस धरावा. ही भरपाईची तरतूद १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. घरातील तारेच्या जोडणीसही, मग ती बोलण्याची असो की ब्रॉडबँडची, बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर अशीच सूट द्यावी लागते.

प्रीपेड ग्राहकाचा उल्लेख मी मुद्दाम ठळकपणे केला. आपल्या देशात दहांपैकी नऊ मोबाईल जोडण्या प्रीपेड आहेत. म्हणजे बहुतेक सर्वजण अठ्ठावीस दिवसांचे किंवा चौऱ्यांशी दिवसांचे पैसे आधीच मोजून बसलेले असतात. किराणा दुकानदाराने पाच शेर साखरेचे पैसे घेऊन सव्वाचार शेर तोलून दिली, तर आपण तागडीकडे बोट दाखवितो. अठ्ठावीस दिवसांचे पैसे घेऊन पंचवीस दिवस सेवा दिली, तर मात्र ‘रेंज गेली’ म्हणतो!

या नियमात दोन मोठी छिद्रे आहेत, तीही सांगितली पाहिजेत. पहिले असे, की नैसर्गिक आपत्तीने आलेला बंद यातून वगळला आहे. पुरात मनोरा वाहून गेला तर कंपनीस दंड करणे योग्य नव्हे, हे मान्य. तथापि मघाशी सांगितलेल्या केळीच्या शेतकऱ्याचे तेवढ्याने समाधान होत नाही. दुसरे छिद्र याहून मोठे आहे. नियमाचे माप जिल्हा हे आहे. सबंध जळगाव जिल्हा बंद पडणे ही गोष्ट क्वचितच घडावयाची. घडते ते निराळेच. यावल तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याची चार गावे तीन दिवस बंद राहतात, किंवा साक्रीकडचा एखादा मनोरा आठवडाभर मुका होतो. या गावांचे दुःख जिल्ह्याच्या तागडीत टाकले तर काटा हलतही नाही. माझे स्पष्ट मत असे आहे, की हे माप तालुक्याचे, आणि जमेल तर मनोऱ्याचेच असावयास हवे. कोणता मनोरा किती वाजता बंद पडला व किती वाजता सुरू झाला, याची नोंद कंपनीच्या यंत्रांत आपोआप होते. तेव्हा मोजता येत नाही ही सबब चालण्यासारखी नाही.

मग या लहान गावांतील ग्राहकाने काय करावे? त्याने आपली वैयक्तिक तक्रार करावी, आणि ती पायरीपायरीने वर न्यावी. २०१२ च्या ट्रायच्या विनियमांनी या पायऱ्या बांधून दिल्या आहेत. पहिली पायरी, १९८ या क्रमांकावर तक्रार. घरातील दूरध्वनी बंद पडला की पूर्वीही हाच आकडा फिरवावा लागे. जुन्या मंडळींना तो आठवत असेल. तक्रार नोंदताच एक डॉकेट क्रमांक मिळतो. हा क्रमांक म्हणजे या सर्व प्रकरणाचा प्राण आहे. सेवा बंद असल्याची तक्रार तीन दिवसांत मिटावी लागते. न मिटल्यास, किंवा मिटविल्याची रीत न पटल्यास, तीस दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे अपील करावे. त्यास शुल्क नाही, आणि त्याचा निकाल एकोणचाळीस दिवसांत द्यावा लागतो. ट्रायकडे मात्र वैयक्तिक तक्रार पाठवून उपयोग नाही. ते नियम करते. एकेका ग्राहकाचा निवाडा करणे त्याच्या अधिकारात येत नाही.

गेल्या पावसाळ्यापूर्वी आमच्या गल्लीत गटाराच्या नळासाठी चर खणताना केबल तुटली, व आठ घरांचे ब्रॉडबँड बंद पडले. कंपनीचे नाव सांगण्याचे येथे कारण नाही. दुसऱ्या दिवशी सर्वांच्या मोबाईलवर संदेश आला, की आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. चर उघडा, केबलीची दोन टोके वर आलेली, आणि निवारण झालेले! सात घरांनी संदेश वाचून हसण्यावारी नेला. आठव्या घरातील बाईंनी, त्या तलाठी कचेरीतून निवृत्त झालेल्या आहेत, त्या संदेशाचे व उघड्या चराचे छायाचित्र तारीख-वेळेसह काढून ठेवले, तक्रार पुन्हा नोंदविली, नवा डॉकेट क्रमांक वहीत उतरविला, आणि पाचव्या दिवशी अपील केले. केबल सहाव्या दिवशी सांधली गेली. पुढच्या बिलात सूट आली ती एकट्या त्यांच्या. उन्हात चरात बसून बारीक काचतंतू जोडणाऱ्या लाइनमनविषयी आम्हा कोणाचीच तक्रार नव्हती, हेही सांगितले पाहिजे. तो बिचारा तीन तालुक्यांना एकटा होता.

अपिलानेही न्याय मिळाला नाही, तर पुढची पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. जळगावलाही तो आहे आणि धुळ्यालाही आहे. परंतु हे दार मध्यंतरी जवळजवळ तेरा वर्षे दूरध्वनीच्या ग्राहकाला अर्धवट बंद होते, ही हकीकत फार थोड्यांना ठाऊक असेल. ती जरा विस्ताराने सांगतो.

इंग्रजी अमदानीतील १८८५ चा तार कायदा. त्यात १९५७ साली ‘सात-ब’ हे कलम घालण्यात आले. तारेच्या मार्गाविषयी वा उपकरणाविषयी तार खात्याचा व ग्राहकाचा तंटा झाल्यास तो केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जावा, व त्याचा निर्णय अखेरचा समजावा, असे ते कलम होते. त्या काळी दूरध्वनी खाते सरकारचे, आणि लवाद नेमणारेही सरकारच! पुढे १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला आणि लोक दूरध्वनीच्या तक्रारी ग्राहक मंचांकडे नेऊ लागले. केरळातील एका ग्राहकाचा दूरध्वनी बिल न भरल्याच्या कारणाने तोडण्यात आला होता. मंचाने तो पुन्हा जोडून देण्याचा व पाच हजार रुपये भरपाईचा हुकूम केला. खाते ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेले, आणि १ सप्टेंबर २००९ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की तार कायदा हा विशेष कायदा, ग्राहक कायदा हा सामान्य कायदा. विशेषापुढे सामान्य चालत नाही. सबब अशा तंट्यास ग्राहक मंचाची वाट नाही.

या निकालाचे फळ काय झाले ते पाहा. मध्यंतरी सरकारी खात्याच्या जोडीला खासगी कंपन्या आल्या होत्या, खेडोपाडी मोबाईल पोहोचला होता, आणि ग्राहकांची संख्या कोटींनी मोजावी लागत होती. ग्राहक मंचात गेले की कंपनीच्या वकिलाने उठावे आणि २००९ चा निकाल पुढे ठेवावा, असा प्रकार सुरू झाला. कोठे तक्रार ऐकली जाई, कोठे दारातूनच परत पाठविली जाई.

अखेर हा तिढा सुटला तो अहमदाबादच्या एका ग्राहकाच्या चिकाटीमुळे. त्यांच्या मोबाईलचे मासिक भाडे २४९ रुपये होते आणि बिल सरासरी ५५५ रुपये येई. नोव्हेंबर-डिसेंबर २०१३ च्या एका महिन्याचे बिल व्होडाफोन कंपनीने त्यांना पाठविले, ते २४,६०९ रुपये ५१ पैशांचे! त्यांनी मे २०१४ मध्ये जिल्हा मंचाकडे बावीस हजारांच्या भरपाईची तक्रार केली. कंपनीने बिल बरोबर की चूक हे बाजूस ठेवून, मंचाला अधिकारच नाही, हा मुद्दा काढला. जिल्हा मंच, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग, आणि तेथून सर्वोच्च न्यायालय. निकाल लागला १६ फेब्रुवारी २०२२ रोजी, न्यायमूर्ती चंद्रचूड, सूर्य कान्त व विक्रम नाथ यांच्यापुढे. न्यायालयाने सांगितले, की १९८६ च्या कायद्यातील ‘सेवा’ या शब्दाची व्याप्ती मुळातच मोठी आहे. तारेच्या कायद्यातील लवादाची वाट ग्राहकाने हवी तर घ्यावी, पण तिच्यामुळे ग्राहक मंचाची वाट बंद होत नाही. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर सेवांच्या यादीत दूरसंचार हा शब्दच घातलेला आहे. बिलाचा वाद बाजूलाच राहिला. केवळ उंबरठा ओलांडू द्यावा की नाही एवढ्यासाठी जवळजवळ पावणेआठ वर्षे गेली. त्या गृहस्थांनी पहिल्याच नकारास मान तुकवली असती, तर आज जळगाव-धुळ्याच्या आयोगातही कंपनीच्या वकिलाने तोच जुना निकाल वाचून दाखविला असता. १८८५ च्या कायद्याच्या जागी आणलेल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही, ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागण्याच्या हक्कास बाध येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे.

आयोगाकडे जाण्याविषयी लोकांच्या मनात फार धास्ती असते. ती अनाठायी आहे. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आणि मोबाईलच्या रिचार्जास पाच लाख कोण मोजतो? वकील दिलाच पाहिजे असे नाही. कंपनीचे मुख्य ठाणे मुंबईस असो वा दिल्लीस, तक्रारदार ज्या जिल्ह्यात राहतो तेथेच तक्रार दाखल करता येते. घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. निकाल कायद्यात लिहिल्याप्रमाणे तीन ते पाच महिन्यांत लागतोच असे मात्र मी आश्वासन देत नाही. आयोगापुढे जाण्याआधी सल्ला हवा असल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतीचा क्रमांक आहे.

तक्रार लिहावी कशी, याविषयी दोन शब्द. ‘आपली सेवा अत्यंत निकृष्ट असून आम्हास अतोनात मनस्ताप होत आहे’ अशा वाक्यांनी भरलेला अर्ज वाचणाऱ्यावर काडीचाही परिणाम करीत नाही. अमुक तारखेस, सकाळी अमुक वाजता, अमुक गावी, या क्रमांकाची सेवा बंद पडली, शेजारी दुसऱ्या कंपनीची चालू होती, किंवा तीही बंद होती, डॉकेट क्रमांक हा, सेवा पुन्हा सुरू झाली ती अमुक दिवशी, रिचार्ज अमुक रुपयांचे, अमुक दिवसांचे, मागणी एवढी. दहा ओळींत अर्ज होतो. शेजारच्या कंपनीची स्थिती लिहावयास मी सांगितले त्याला कारण आहे. सर्वांचीच सेवा बंद असेल तर दोष विजेचा किंवा सामाईक मनोऱ्याचा असण्याचा संभव असतो, अथवा सरकारच्या हुकमाने इंटरनेट थांबविलेले असते, आणि त्या शेवटच्या प्रकारात कंपनीकडे दाद मागणे व्यर्थ होय. एकाच कंपनीची बंद असेल तर प्रश्न तेथेच मिटला. आणि केळीच्या शेतकऱ्याने विम्याची सूचना फोन लागेपर्यंत थांबवून ठेवू नये. बँकेत किंवा कृषी कार्यालयात जाऊन लेखी द्यावी, तिच्यावर तारीख-वेळेचा पोच शिक्का घ्यावा, आणि त्या दिवशी गावात सेवा बंद होती हे त्याच कागदावर लिहून टाकावे.

निकडीच्या वेळेची एक गोष्ट राहिली. पडद्यावर काड्या नसून ‘फक्त आपत्कालीन कॉल’ अशी अक्षरे दिसत असतील, तर त्याचा अर्थ असा, की आपल्या कंपनीचा मनोरा हाती लागत नाही, पण दुसऱ्या कोणाचा तरी लागत आहे. अशा वेळी ११२ लावून पाहावा.

आता ज्या गावांत रेंज जाण्याचा प्रश्नच नाही, कारण ती कधी आलीच नाही, त्यांच्याविषयी. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्यातील धडगाव, अक्कलकुवा या सातपुड्याच्या तालुक्यांत फोन लावण्यासाठी टेकडी चढून जाणे हा कित्येक पाड्यांचा नित्यक्रम राहिला आहे. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये देशातील २४,६८० सेवाहीन गावांना ४जी सेवा देण्याची योजना मंजूर केली व ते काम बीएसएनएलकडे सोपविले. टेकडीवरील एक मनोरा उभा राहिला म्हणजे काम संपत नाही. त्याला वीज, बॅटरी आणि डोंगरातून येणारी एकेरी वाट, या तिन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात. अशा गावांतून १९८ लावणेच मुळी अशक्य होते. म्हणून सांगून ठेवतो, की अपील फोनवरूनच केले पाहिजे असे बंधन नाही. ते टपालाने पाठविता येते. पाठविताना मंडळाचे नाव बरोबर लिहावे. दूरसंचाराच्या नकाशात मुंबई हे वेगळे मंडळ आहे, आणि आपला खानदेश महाराष्ट्र-गोवा मंडळात मोडतो. अपील प्राधिकरणाचा पत्ता कंपनीच्या ग्राहक सनदेत व संकेतस्थळावर दिलेला असतो. संकेतस्थळ पाहण्यास रेंज लागतेच. तेव्हा ज्या दिवशी ती असेल त्या दिवशीच तो पत्ता घरच्या वहीत उतरवून ठेवावा.